रिकाम्या कप्प्यातला सूर

ती गेल्याचा फोन आला तेव्हा तिचंच रक्त मशिनमध्ये चालू होतं.

सकाळची वेळ. दवाखान्याच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा नुकतीच उघडली होती. पेशंटांचे नमुने घेण्याआधी रोज एक ओळखीचा नमुना मशिनमधून काढायचा, त्याचा आकडा कालच्यासारखाच आला की मशीन ठीक आहे असं समजायचं आणि मगच कामाला लागायचं, अशी तिथली पद्धत. हा ओळखीचा नमुना तिच्या रक्ताचा असे. दर काही महिन्यांनी ती बाही वर करून खुर्चीत बसायची, घेतलेलं रक्त बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांत भरून गोठवलं जायचं आणि मग रोज एक कुपी बाहेर निघायची. ती चार दिवस आईकडे गेली होती, म्हणून त्या दिवशी कुपी त्यानं काढली होती. तो तिचा नवरा, आणि तिथली सगळी मशिनं सांभाळणारा मेकॅनिक.

फोनवर सासूबाई होत्या.

"आंघोळ करून बाहेर आली. केस पुसत खाटेवर बसली, ती बसलीच," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येऊन गेले. डोक्यातली नस फुटली म्हणाले. अरे, टॉवेल अजून तिच्या हातात आहे... काढू का?"

मशिनला जोडलेल्या छोट्या स्पीकरमधून तिच्या नमुन्याचा बारीक सूर येत होता आणि तो हळूहळू चढत होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी बटणाकडे हात नेला.

"नको," तो म्हणाला. "अर्ध्यावर थांबवलं तर कुपी वाया जाते."

हे तिचं वाक्य होतं. दोघं उभे राहिले. सूर चढत चढत एका जागी जाऊन थांबला. आकडा कालच्यासारखाच आला. मशीन ठीक होतं.

*

दोघांची ओळख याच मशिनमुळे झालेली.

तेव्हा तो गावोगावच्या प्रयोगशाळांतली मशिनं दुरुस्त करत फिरायचा. खरं तर त्या दिवशी त्याचं काम वरच्या मजल्यावर होतं. जिना चुकला आणि तो तळमजल्यावर आला. दारातच पांढरा कोट घातलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आलात? सकाळपासून वाट बघतेय."

"माझी?"

"मशीनवाल्याची. तुम्ही मशीनवाले ना?"

"दुरुस्तीवाला. मशीन तुमचं."

"मग या. डोकं फिरलंय आमच्या मशिनचं. आकडा एका जागी बसत नाही. आणि खरं सांगू? हसणार नाही ना... मी बघितलं की घसरतो."

"तुम्ही बघितलं की?"

"हसलात."

"नाही हो. बघा पुन्हा एकदा."

ती वाकली. कपाळावरची बट खाली आली, ती तिनं फुंकरीनं बाजूला केली. आकडा घसरला. ती मागे सरकली, आकडा सावकाश वर आला. त्यानं तिला पुन्हा वाकायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा सांगायची काही गरज नव्हती, हे दोघांनाही कळलं असावं.

"झाकण सैल झालंय," तो म्हणाला. "तुमचा श्वास चकतीवर पडतो. श्वास दमट असतो, चकतीला तेवढंही ओझं होतं."

"माझ्या श्वासाचं ओझं?"

"हो."

"म्हणजे दोष माझा."

"दोष झाकणाचा. पण ते घट्ट करावंसं वाटत नाहीये मला."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग खिशातून पेचकस काढून त्याच्या हातात ठेवला. "मग मॅडमना काय सांगणार, काय दुरुस्त केलं म्हणून?"

प्रयोगशाळेत तिला सगळे जिलेटिनबाई म्हणत. मशिनचा जीव एका चकतीत होता. शर्टाच्या बटणाएवढी, स्फटिकाची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली. वीज दिली की ती थरथरते, इतक्या वेगानं की डोळ्याला पत्ता लागत नाही, आणि त्या थरथरीची लहर तिच्या अंगातून धावते. या चकतीवर जिलेटिनचा पातळ थर द्यायचं काम तिचं. थर इतका पातळ की दिला आहे की नाही हे फक्त मशिनलाच कळावं. तिनं त्याला हे सगळं पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, कारण त्याची दुरुस्ती काही केल्या संपत नव्हती.

"पेशंटच्या स्वादुपिंडाला सूज आली की अन्न पचवणारं एन्झाइम रक्तात सांडतं," ती म्हणाली. "त्या रक्ताचा थेंब चकतीवर टाकला की एन्झाइम जिलेटिन खायला लागतं. जिलेटिन कमी झालं की चकती हलकी होते. हलकी झाली की—"

"जोरात थरथरते."

"शाबास. किती भराभर हलकी होते ते बघायचं, की कळलं एन्झाइम किती आहे ते. पोटात आग पडलीय की नुसता गॅस झालाय, ते आम्ही बटणाएवढ्या चकतीवरून सांगतो."

"मला आकडे बघत बसायचा कंटाळा येतो," तो म्हणाला. "स्पीकर जोडू का? दुसरी एक कोरडी, बंद चकती शेजारी ठेवू. दोघींच्या थरथरीतला फरक ऐकू येईल. हिच्यावरचा थर कमी झाला की सूर चढेल."

"आणि हे जोडायला किती दिवस लागतील?"

"तुम्ही म्हणाल तितके."

स्पीकर जोडून झाला त्या दिवशी तिनं एक कुपी आणली. झाकणावर निळ्या शाईनं एकच अक्षर लिहिलेलं होतं, 'मी'.

"हे काय?"

"रोजचा नमुना. माझं रक्त. जन्मापासून माझ्यात हे एन्झाइम जरा जास्तच आहे. त्रास काही नाही, आकडा मात्र कधी हलत नाही. आई म्हणते, हिला दगड वाढला तरी पचवून वर ताक मागेल."

थेंब पडला. थोडा वेळ काहीच नाही. मग स्पीकरमधून एक बारीक सूर आला, कुणी लांबच्या खोलीत ओठ मिटून गुणगुणावं तसा. सुरुवातीला अडखळत, मग सरळ चढत गेलेला. त्याच्या अंगावर काटा आला. ती समोर उभी होती, तोंड मिटून, आणि तिचा आवाज मशिनमधून येत होता.

"असे काय बघताय?"

"मला हे रोज ऐकायचंय."

"मग रोज मशीन बिघडवावं लागेल."

"किंवा इथंच नोकरी धरावी लागेल."

"किंवा?"

"किंवा..." तो पेचकस बोटांत फिरवत राहिला.

"तुम्हाला वाक्य संपवायला फार वेळ लागतो हो," ती म्हणाली. "आईला कधी भेटताय ते सांगा. रविवारी ती घरीच असते."

लग्नानंतर तो तिथंच नोकरीला लागला. सकाळी दोघं बरोबर यायची. ती थर द्यायची, तो तारा तपासायचा. घरी भांडण झालेलं असलं तरी सकाळचा पहिला सूर निघाला की ती भुवई उडवून म्हणायची, "ऐक, मी काय म्हणतेय." आणि तो म्हणायचा, "तेच तेच म्हणतेस."

*

ती गेल्यावर काही आठवड्यांनी तो कामावर परत आला. मॅडमनी थर देण्याचं काम स्वतःकडे घेतलं होतं. सकाळचा नमुना चालवायचं काम त्यानं मागून घेतलं.

गोठवणीच्या पेटीत कुप्यांचा एक ट्रे होता. ती आईकडे जायच्या आधीच भरून ठेवलेला. त्यानं दार उघडलं की थंड वाफ खाली उतरायची आणि ओळीनं अक्षरं दिसायची. मी, मी, मी, मी. तो एक उचलायचा, मुठीत धरून पातळ करायचा आणि थेंब टाकायचा. जगातून गेलेल्या बाईचं रक्त चकतीवर पडायचं आणि निमूटपणे खायला लागायचं. सूर तोच. आकडा तोच.

रिकाम्या कुपीचं काय करायचं, हा प्रश्न होता. नियम असा की वापरलेली काच झाकणासकट रात्रभर ॲसिडमध्ये बुडवून ठेवायची. पण ॲसिडमध्ये शाई जाते. पहिल्या दिवशी त्यानं कुपी नुसत्या पाण्यानं विसळली आणि कपाटात उभी केली. मग दुसरी. ओळ वाढायला लागली तशी मॅडम विचारतील अशी त्याला भीती वाटली, म्हणून त्यानं त्या कामाला लावल्या. कोऱ्या कप्प्यासाठी लागणारं मिठाचं पाणी तो त्यांतच भरून ठेवू लागला.

मशिनला तीन कप्पे होते. एकात रोजचा नमुना, एकात पेशंटचा आणि तिसरा कोरा. कोऱ्यात नुसतं मिठाचं पाणी घालायचं. तिथं रक्त नाही, म्हणजे तिथं सूर चढायला नको. थोडाफार हललाच, तर ती मशिनची आपली कुरकूर समजायची आणि तेवढी पेशंटच्या आकड्यातून वजा व्हायची. हे मशीन आपोआप करायचं.

एका सकाळी त्यानं मशीन चालू केलं. पेशंट यायचे होते. नमुना अजून टाकला नव्हता, फक्त कोरा कप्पा भरला होता. तो तारेचं टोक तासत बसला असताना स्पीकरमधून आवाज आला.

अगदी हलका. अडखळत, मग सरळ चढत.

त्याच्या हातातली तार खाली पडली. त्यानं स्पीकर बंद करून चालू केला. तारा काढून पुन्हा लावल्या. पाणी ओतून दुसऱ्या कुपीतलं भरलं. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा तोच सूर, नुसत्या पाण्यातून.

"तू आहेस?" तो म्हणाला.

विचारल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. रोजच लवकर येऊ लागला. खोलीत फक्त पंख्याची घरघर, पांढऱ्या टाइल्स, खुंटीवर तिचा कोट, आणि जिथं काही नव्हतं तिथून येणारा तो आवाज. तो खुर्ची ओढून बसायचा आणि गॅस संपल्याचं, नळ गळत असल्याचं सांगायचा. दार वाजलं की उठून स्पीकर बंद करायचा. बिघाड शोधणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम होतं, आणि हा एक बिघाड त्याला शोधायचा नव्हता.

सासूबाई आठवडाभरासाठी राहायला आल्या तेव्हा तो त्यांना एका सकाळी घेऊन आला. त्यांना खुर्चीत बसवलं, कप्पा उघडून दाखवला.

"यात काय आहे?"

"मिठाचं पाणी. दुसरं काही नाही. आता ऐका."

त्या पर्स मांडीवर धरून ऐकत राहिल्या. सूर चढला.

"हे असं कशानं होतं रे?"

"आतलं कुणीतरी जिलेटिन खातं, तेव्हा होतं."

"म्हणजे खातेय अजून." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मेली तरी हिची खा-खा काही सुटली नाही बघ." आणि मग त्या हसल्या, रडल्या, आणि जाताना दारात वळून मशिनला म्हणाल्या, "येते गं."

त्या रात्री त्याला फार दिवसांनी झोप लागली.

*

पुढच्याच आठवड्यात वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन आला. एक शिंपीणबाई दाखल झाली होती. पोट धरून गडाबडा लोळत होती आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट म्हणत होता, एन्झाइम ठीक आहे. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. त्यानं नमुना पुन्हा चालवतो म्हणून सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बाईचा नवरा बसला होता. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्याला दारात बघून तो उठला.

"साहेब, तुम्हीच का मशीनवाले?"

"हो."

"ती म्हणते, पोटात कुणी कात्री चालवतंय. शिंपीण आहे हो ती. कात्री म्हणजे काय ते तिला सांगायला नको. आणि डॉक्टर म्हणतात, रिपोर्टात काही नाही, घरी न्या." तो मोजपट्टी बोटाला गुंडाळत होता. "चुकतं का हो मशीन कधी?"

"नाही चुकत सहसा."

"मग बरं. मग काही नसेल. नाहीतर ती उगाच बोंब मारणारी नाही... बाळंतपणातसुद्धा मला म्हणाली, तुम्ही दुकान उघडा जा."

तो आत आला. शिंपीणबाईच्या रक्ताचा थेंब टाकला. सूर उसळी मारून वर गेला. त्याच्या कानाला तो चढा लागला, चांगलाच चढा. आकडा मात्र धोक्याच्या रेषेच्या आतच आला. त्यानं स्पीकरची तार कोऱ्या कप्प्याला लावली. ती तिथं होतीच. शांतपणे चढत होती.

आणि तेवढीच वजा होत होती.

तो उभाच राहिला. समोर झाकणांची ओळ होती, प्रत्येकावर तिचं अक्षर. काय करायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. वरच्या फळीवर नव्या कुप्यांचं न फोडलेलं पाकीट होतं. नव्या कुपीतलं पाणी कोऱ्या कप्प्यात घालायचं आणि ऐकायचं. सूर आलाच, तर दोष कुप्यांचा नाही. मग ती इथं आहे, कशी ते कुणाला सांगता येणार नाही, पण आहे. आणि नाही आला, तर...

त्यानं पाकीट हातात घेतलं आणि खाली ठेवलं. बाहेरून बाक करकरल्याचा आवाज आला. शिंपी उठून पुन्हा बसला असावा.

त्यानं पाकीट फोडलं.

चकती बदलली. नव्या कुपीतलं पाणी घातलं. स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला आणि कान जाळीला लावला. पंखा घरघरत होता. तो वाट बघत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ, त्याच्याही दुप्पट वेळ. स्पीकरमधून काहीही आलं नाही.

शिंपीणबाईचा नमुना पुन्हा टाकला. आकडा रेषा ओलांडून वर गेला. त्यानं वॉर्डात फोन लावला.

"घरी सोडू नका," तो म्हणाला. "आमची चूक होती."

मॅडम परत आल्यावर त्यानं त्यांना कपाट उघडून दाखवलं. त्यांनी एक कुपी उजेडात धरली. काचेला आतून चिकटून राहिलेलं, पाण्यानं न सुटणारं, डोळ्याला न दिसणारं काहीतरी, एवढंच होतं ते. भूत नव्हतं. पण तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, हेही खरं.

"कधीपासून?"

"कामावर परत आल्यापासून."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "पेशंटांच्या रिपोर्टांतून तू तुझ्या बायकोला वजा करत होतास. कळतंय का तुला?"

"हो."

"साठवलेले सगळे नमुने पुन्हा चालवायचे. तू आणि मी. आजपासून."

ते काम बरेच दिवस चाललं. आणखी दोघांचे आकडे बदलले, दोघांनाही घरून बोलावून घेतलं, दोघंही वाचले. शिंपीणबाई बरी होऊन घरी गेली. जाताना शिंपी तळमजल्यावर आला आणि म्हणाला, "मापं चुकली तर उसवायचं आणि परत शिवायचं. आमच्याकडे तर रोजचंच आहे." ते सांत्वन होतं की टोमणा, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

कुप्या ॲसिडमध्ये त्यानंच सोडल्या. एकेक. निळी शाई आधी पसरली, मग धुरासारखी वर आली आणि गेली. सासूबाईंना त्यानं फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी मी येते म्हणाले, ते तिला पोचलं की नाही?"

"तिथं जे होतं ते तिचंच होतं, आई."

"मग झालं तर."

आता ट्रेमध्ये तिच्या थोड्याच भरलेल्या कुप्या उरल्या आहेत. रोजचा नमुना नवा करावा लागणार. मॅडमनी परवा त्याला बोलावून घेतलं.

"निरोगी माणसाचं रक्त हवं. तुझं चालेल," त्या म्हणाल्या. "पण जुना नमुना एकदम बंद करता येत नाही. नवा आणि जुना काही सकाळी शेजारी शेजारी चालवावे लागतील. म्हणजे नव्यावर विश्वास ठेवता येतो."

"शेजारी शेजारी?"

"एका कप्प्यात तिचा, एका कप्प्यात तुझा."

"किती दिवस?"

"तुझा आकडा रोज एकच येईपर्यंत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "घाई नाही. तिच्या कुप्या आहेत तोवर सांग."

तो बरं म्हणाला. नव्या कुप्या धुऊन, वाळवून ट्रेमध्ये मांडल्या आहेत. झाकणांवर अजून काही लिहिलेलं नाही. रोज सकाळी तो त्या खुर्चीपर्यंत जातो, डावी बाही कोपरापर्यंत वर करतो आणि पुन्हा खाली घेतो. रक्त काढायचं अजून राहिलं आहे.